बाबांच्या प्रोस्टेटला २० शेक पुरतील का? नागपूर की मुंबई?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव पांढरकवड्यापासून आत आहे. बाबा ७१ वर्षांचे. रात्री सारखं लघवीला उठावं लागायचं म्हणून दाखवलं. रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची खूण देणारं प्रथिन) वाढलेला निघाला आणि बायोप्सीत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांत लघवीच्या पिशवीखाली असणाऱ्या ग्रंथीचा कॅन्सर आला. हाडांत गेलेला नाही असं स्कॅनवर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी वय आणि शुगर पाहून ऑपरेशनऐवजी रेडिएशन सुचवलं. सोमवार ते शुक्रवार, एकूण २० वेळा, म्हणजे २० शेक.

घोडं इथंच अडलं आहे. आमच्याच गावातल्या एका काकाजींना काही वर्षांपूर्वी याच आजारासाठी ३७ शेक दिले होते. मोठे भाऊ म्हणतात, आपण सरकारी योजनेतून घेऊन राहिलो म्हणून निम्म्यात उरकतात, त्यापेक्षा मुंबईला टाटात नेऊ. वहिनी म्हणते, कापसाची वेचणी सुरू आहे, मुंबईला दोन महिने कोण राहणार? आणि बाबा म्हणतात, मशीनखाली झोपून जळून मरण्यापेक्षा घरीच बरा. कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून सविस्तर लिहा. २० मध्ये खरंच भागतं का?

संत्रानगरी
भागतं. माझ्या सासऱ्यांचं २० मध्येच झालं. आज वरुडला बागेत जाऊन संत्र्याची तोड बघतात. बाबांना सांगा, मशीन अंगाला लागतसुद्धा नाही.

किरणमोजणी
मी वर्धा जिल्ह्यातला. रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करतो, म्हणजे कोणत्या कोनातून किती किरण द्यायचे त्याचा हिशोब आणि मशीनची तपासणी. तुमच्या भावाची शंका अगदी रास्त आहे. दर आठवड्याला कोणीतरी मला हेच विचारतं.

आधी २० चं. किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. पूर्वी रोज २ ग्रे, असे ३७ दिवस, एकूण ७४ ग्रे देत. आता रोज ३ ग्रे, २० दिवस, एकूण ६०. बेरीज कमी दिसते, पण प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींवर रोजच्या मोठ्या मात्रेचा परिणाम जास्त होतो. त्यामुळे २० दिवसांतला मार ३७ दिवसांपेक्षा कमी बसत नाही. हे अंदाजाने ठरलेलं नाही. ब्रिटनमध्ये ३,२०० हून अधिक पुरुषांवर ‘चिप’ नावाची चाचणी झाली, निकाल २०१६ मध्ये आले. पाच वर्षांनी आजार ताब्यात असलेल्यांचं प्रमाण ३७ दिवसांच्या गटात ८८.३ टक्के होतं आणि २० दिवसांच्या गटात ९०.६. तेव्हापासून जगभर हीच पद्धत रुळली. पैसेवाल्यालाही २० आणि योजनेतल्यालाही २०.

मग आधी का देत नव्हते? कारण नेम. प्रोस्टेटला लागून वर लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय आहे, शेताला शेत लागून असावं आणि मधे धुरा जेमतेम वीतभर असावा तसं. जुन्या पद्धतीत नेम चुकू नये म्हणून आजूबाजूची बरीच जागा किरणांत घ्यावी लागे. एवढ्या जागेवर रोज मोठी मात्रा दिली तर गुदाशयाला जखम व्हायची, शौचातून रक्त जायचं. आता आयएमआरटी आणि व्हीमॅट या नव्या पद्धतींत मशीन वेगवेगळ्या कोनांतून (व्हीमॅटमध्ये तर गोल फिरत) किरण देताना त्याच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्या सतत हलतात आणि किरणांचा झोत गाठीच्या आकाराचा करतात. त्यावर रोज किरण देण्याआधी त्याच मशीनवर छोटा सीटी काढतात, त्याला आयजीआरटी म्हणतात. कालची जागा आणि आजची जागा जुळवून टेबल मिलिमीटरने सरकवतात, मगच बटण दाबतात. प्रोस्टेट एका जागी ठोकलेला नसतो. पोटात गॅस असला तरी तो काही मिलिमीटर पुढे ढकलला जातो.

म्हणून डॉक्टरांना ‘किती शेक?’ याच्याबरोबर ‘रोज सीटी घेऊन जागा जुळवणार का?’ हे जरूर विचारा.

आणि बाबांना सांगा, जळत नाही, दुखत नाही, एक्स-रे काढल्यासारखंच वाटतं. टेबलावर चढण्यापासून उतरण्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं. घरी आल्यावर नातवाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत.

वऱ्हाडीबाणा
माह्या आबाजीचं झालं तवा खरी गंमत पाण्याची होती. मशीनवर जाच्या आधी लघवी करून पिशवी रिकामी कराची, मंग अर्धा लिटर पाणी प्याचं अन् पाऊण तास दाबून धराचं. आबाजी पह्यल्या दिवशी म्हने, “इथं आलो तं लघवी होत नाई म्हणून, अन् हे म्हणतात धरून ठेव!” सारा हॉल हासला. पण मंग असे तरबेज झाले का दुसऱ्या गाववाल्यायले तेच शिकवाचे, कधी प्याचं, किती प्याचं. टेक्निशियन पोरगी त्यायले मास्तर म्हणे.

एक ध्यानात ठेवा, एसटीत बसल्या बसल्या पाणी नका पिऊ. तिथं पोचा, नंबर पाहा, मंगच प्या. कायले म्हणाल तं हिंगणघाटापाशी गाडी थांबवा लागली होती.

किरणमोजणी
वऱ्हाडीबाणा, तुमच्या आबाजींसारखे दोन पेशंट हॉलमध्ये बसले की आमचं निम्मं काम हलकं होतं. पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात आणि पिशवीचा बराच भाग किरणांच्या वाटेतून बाहेर जातो. रोज साधारण सारखीच भरलेली असणं महत्त्वाचं, कारण प्लॅनिंगचा सीटी जसा काढला त्यावरच सगळा हिशोब बेतलेला असतो. ज्यांना धरवतच नाही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगावं. त्यांना जमेल तेवढ्यावर प्लॅन करता येतो. लाजून गप्प बसणारे आणि रोज वेगळ्या स्थितीत टेबलावर येणारे पेशंट पाहिले की जीव हळहळतो. आणि पोट साफ हवं. त्या दिवसांत चणे, वाल, कोबी कमी करा. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टर औषध देतात.

उन्हाळकांदा
सगळं ठीक आहे, पण एक गोष्ट आधी तपासा. मशीन कोबाल्ट (किरणोत्सर्गी धातूच्या स्रोतावर चालणारं) आहे की लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं)? कोबाल्ट असेल तर सरळ उठून या. जुनी टाकाऊ मशीनं खेड्यातल्या लोकांच्या माथी मारतात.

किरणमोजणी
उन्हाळकांदा, अर्ध्या गोष्टीत तुमच्याशी सहमत आहे. प्रोस्टेटसारख्या खोल आणि नाजूक जागी, रोज मोठी मात्रा द्यायची असेल तर लिनॅकच हवं. कोबाल्टच्या झोताची कड लिनॅकइतकी रेखीव नसते, आणि ओटीपोटासारख्या जाड भागात आत पुरेसं पोचवायचं म्हणजे वरच्या थरांना जास्त सोसावं लागतं. ही मात्रा कोबाल्टवर देऊ नये, हे स्पष्टच सांगतो.

पण टाकाऊ म्हणू नका. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट मशीन घडवलं, ते आज कित्येक ठिकाणी चालतं. लिनॅकला स्थिर वीज, थंड खोली आणि सतत देखभाल लागते. कोबाल्ट त्यामानाने बिनतक्रार चालतं. हाडात गेलेल्या कॅन्सरच्या वेदनेला ८ ग्रेचा एकच शेक पुष्कळदा पुरतो, आणि तो कोबाल्टवर उत्तम देता येतो. तळमळणारा माणूस रात्री झोपू लागतो. मशीनचं वय विचारण्याआधी ते कशासाठी वापरणार हे विचारा. कोबाल्टचा स्रोत मात्र दर महिन्याला साधारण १ टक्क्याने क्षीण होतो आणि सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. स्रोत जुना झाला की टेबलावरचा वेळ वाढतो. हे विचारायला लाजू नका.

उन्हाळकांदा
हाडाच्या दुखण्याचं माहीत नव्हतं. पण माझा राग वेगळा आहे. आमच्याकडच्या एका ठिकाणी मशीन बंद पडलं आणि पेशंटना ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून परत पाठवलं. बिचारे मजुरी बुडवून आलेले. कोणी समजावूनही सांगितलं नाही.

लिंबोणी
उन्हाळकांदा यांच्या त्या रागात मीही आहे, म्हणूनच आज पहिल्यांदा लिहिते आहे. विषय थोडा वेगळा, पण ओटीपोटाचाच.

माझ्या मावशीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. बाहेरून पाच आठवडे शेक, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन, आणि शेवटी ‘आतली शेक’ म्हणजे ब्रॅकीथेरपी, असा बेत होता. बाहेरची शेक संपता संपता रक्तस्राव थांबला, वास गेला, भूक लागू लागली. घरच्यांना वाटलं झालं. सोयाबीन कापणीला आलं होतं. आतली शेक ‘नंतर करू’ म्हणून राहून गेली. वर्षभरात आजार तिथंच परत आला.

आया-बहिणींसाठी कळकळीने सांगते, आतली शेक हाच त्या उपचाराचा गाभा आहे. भूल देऊन गर्भाशयात नळी बसवतात, त्यातून इरिडियम या किरणोत्सर्गी धातूचा इवलासा स्रोत अगदी गाठीजवळ येतो, काही मिनिटांत काम करून परत पेटीत जातो. अंगात काहीही उरत नाही. बाहेरून एवढी मात्रा दिली तर आतडी सहन करणार नाहीत. बाहेरची आणि आतली मिळून सगळी शेक आठ आठवड्यांत पूर्ण व्हायला हवी. त्यानंतरचा प्रत्येक दिवस आजाराला मोकळीक देतो. मशीन बंद पडलं तर ‘बुडालेला दिवस कसा भरून काढणार?’ हे तिथंच उभं राहून विचारा. तो तुमचा हक्क आहे.

सातपुडा
लिंबोणी, तुमच्या मावशीबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी कॅन्सरच्या रेडिएशनचीच डॉक्टर आहे, विदर्भातच काम करते. तुमच्या एकेका शब्दाशी सहमत.

थोडी भर घालते. आता जिथं शक्य आहे तिथं नळी बसवल्यावर एमआरआय काढून, गाठ किती आक्रसली ते पाहून, दर वेळी मात्रा नव्याने बेततात. अनेक देशांच्या एकत्र ‘एम्ब्रेस’ अभ्यासात या पद्धतीने पाच वर्षांनी ९२ टक्के बायकांत मूळ जागेचा आजार ताब्यात राहिला, आणि त्यात पुढच्या टप्प्यातल्या गाठीही होत्या. एमआरआय नसेल तिथं सीटीवरही चांगलं काम होतं.

दुसरा अभ्यास आपल्याच मातीतला. गर्भाशय काढल्यानंतर शेक लागणाऱ्या ३०० बायकांवर मुंबईच्या टाटा मेमोरिअलने ‘पार्सर’ ही चाचणी केली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत ४२.४ टक्के बायकांना आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास झाला. आयएमआरटी आणि रोजच्या चित्रावर नेम धरून दिलेल्या शेकेत तो २१.१ टक्के, म्हणजे निम्मा. आजार बरा होण्यात फरक नव्हता. आयुष्यभर जुलाब सोसणं आणि न सोसणं एवढा तो फरक आहे. रानात दिवसभर राबणाऱ्या, जिथं आडोसासुद्धा नाही अशा बाईसाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही.

हिमोग्लोबिनही पाहा. १० च्या खाली असेल तर शेक नीट लागू पडत नाही, रक्त चढवावं लागतं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्यांनी घरात सिकलसेल असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

आणि जे कोणी बोलत नाही ते. शेकेनंतर योनीमार्ग आकसतो. त्यासाठी डायलेटर, म्हणजे मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी वापरायला शिकवतात. पुढची तपासणीही त्यामुळे सुकर होते आणि नवरा-बायकोचं नातंही. संकोच वाटत असेल तर नर्सबाईंना एकटीला गाठून विचारा.

मोहफूल
सातपुडा ताई, हे शेवटचं मी आजवर कुठंच वाचलं नव्हतं. आईला विचारायची हिंमत झाली नसती. धन्यवाद.

गावरान_इलाज
एवढं सगळं करण्यापेक्षा गोमूत्र अर्क आणि गव्हांकुराचा रस सहा महिने घ्या. आमच्याकडच्या वैद्याने कित्येक बरे केले.

वऱ्हाडीबाणा
भाऊ, हात जोडतो, ह्या धाग्यावर नको. आमच्या शेजारची माय तेच पीत राह्यली अन् दवाखान्यात गेली तवा दोन्ही किडन्या दबून गेल्या होत्या.

सातपुडा
गव्हाचा रस प्यायला माझी ना नाही, पण शेक चालू असताना अशा रसांनी जुलाब वाढू शकतात. आणि सहा महिने थांबणं हेच सगळ्यात घातक. गर्भाशयमुखाची गाठ वाढली की मूत्रनलिका दाबल्या जातात. त्याने किडनी बिघडून रक्तातलं क्रिएटिनिन चढलं की आम्हाला सिस्प्लॅटिन देता येत नाही, आणि हातातलं एक हत्यार जातं.

चारोळी
लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या भाटव्यांना स्नायूपर्यंत गेलेला होता. पहिला सल्ला मिळाला पिशवी काढून पोटावर थैली लावायची. ते ट्रक चालवतात. थैली ऐकल्यावर जेवण सुटलं त्यांचं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की काही पेशंटमध्ये आधी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढायची आणि मग शेक आणि केमो सोबत द्यायची, पिशवी राहते. त्यांचं तसंच केलं. दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही, हीच मोठी अट.

सातपुडा
बरोबर. ब्रिटनच्या ‘बीसी २००१’ चाचणीत नुसत्या शेकेपेक्षा शेक अधिक केमोने दोन वर्षांनी त्या भागात आजार नसणाऱ्यांचं प्रमाण ५४ वरून ६७ टक्के झालं. सगळ्यांना लागू नाही. गाठ एकच असावी, किडनीला सूज नसावी, पिशवी नीट काम करत असावी. पण विचारायला हवंच. अनेकांना हा पर्याय असल्याचं सांगितलंच जात नाही.

झाडीपट्टी
आम्ही आरमोरीकडचे. मशीन कितीही अचूक असू द्या, आमच्यासाठी खरा प्रश्न रोज पोचायचा. रोज येणं-जाणं करणारा दुसऱ्या आठवड्यातच खचतो. जुलाब सुरू झालेले, बसमध्ये बसवत नाही. त्यामुळे ३७ चे २० झाले ही मला सगळ्यात मोठी प्रगती वाटते. आता तर काही ठिकाणी पाचच शेक देतात म्हणे?

राहण्याचं आधी ठरवा. दवाखान्याच्या समाजसेवा विभागात विचारा, धर्मशाळेची किंवा स्वस्तातल्या खोलीची माहिती तेच देतात. महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यातच बसतो. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्याला पहिल्याच दिवशी भेटा, मंजुरीला वेळ लागतो. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासात स्लीपरच्या तिकिटाचे पैसे लागत नाहीत आणि सोबत्याला सवलत असते. फॉर्मवर दवाखान्याची सही-शिक्का घ्या.

किरणमोजणी
हो, पाच शेकांचं खरं आहे. रोज ७.२५ ग्रे, असे पाच. २०२४ मध्ये ‘पेस-बी’ चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले, आजार ताब्यात राहण्यात ते नेहमीच्या पद्धतीच्या बरोबरीचे ठरले. लघवीचा त्रास मात्र थोडा जास्त दिसला. शिवाय ते कमी-मध्यम धोक्याच्या आजारासाठी होतं. त्यासाठी नेम आणखी काटेकोर लागतो, काही ठिकाणी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे बारीक दाणे खूण म्हणून बसवतात.

संत्रानगरी
आणि ते खारघरच्या टाटा केंद्रातलं प्रोटॉन, म्हणजे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांची शेक? आमच्या एका नातेवाइकाने घर गहाण टाकून तेच घ्यायचं म्हटलं होतं.

किरणमोजणी
लहान मुलांच्या आणि मेंदूलगतच्या काही गाठींत प्रोटॉनचा फायदा मोठा आहे. प्रोस्टेटसाठी मात्र अमेरिकेतल्या चाचणीत प्रोटॉन आणि चांगलं आयएमआरटी सारखेच निघाले, २०२४ मध्ये ते निकाल मांडले गेले. प्रोस्टेटसाठी कोणी घर गहाण टाकू नये.

पैनगंगाकाठ
इतकं भरभरून लिहिलंत, घरी सगळं वाचून दाखवलं. बाबा वऱ्हाडीबाणांच्या आबाजींवर फार खूश आहेत. एक राहिलं होतं. रिपोर्टवर ग्लिसन (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा अंक) ४+४=८ लिहिलं आहे आणि पीएसए ३१. याचा शेकेच्या संख्येशी काही संबंध आहे का?

सातपुडा
आहे, मोठा आहे. हा जास्त धोक्याच्या गटातला आजार झाला. पाच शेकांचा विचार इथं बाजूला ठेवा. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही शेक द्यायची का? टाटा मेमोरिअलच्या ‘पॉप-आरटी’ चाचणीत अशा २२४ पेशंटमध्ये फक्त प्रोस्टेटला शेक दिलेल्या गटात पाच वर्षांनी ८१ टक्क्यांचा पीएसए ताब्यात होता, ग्रंथींसकट दिलेल्यांत ९५ टक्क्यांचा. आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता आणि लघवीचा त्रास थोडा जास्त होता, हेही सांगायला हवं. त्या पद्धतीत शेक २५ होतात. दोन, हार्मोनचं (म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन किती काळ? या गटात दीड ते तीन वर्षं देतात. ते शेकेआधी सुरू करतात, त्यामुळे मशीनवर घ्यायला थोडी सवड मिळते. कापूस घरी येईपर्यंतचा वेळ यातून निघू शकेल, पण तारीख डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

मुंबईबद्दल माझं मत विचाराल तर फाइल घेऊन एकदा दुसरं मत जरूर घ्या, भावाचंही समाधान होईल. शेक मात्र जिथं रोज पोचता येईल आणि पूर्ण करता येईल तिथं घ्या. जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट तुमच्या हैदराबाद रस्त्यावरच, नागपूरच्या अलीकडे आहे. नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, वर्ध्याकडे सावंगी आणि सेवाग्राम.

पैनगंगाकाठ
आज भेटून आलो. भाऊही सोबत होते, प्रश्न त्यांनीच वहीत लिहून नेले होते. डॉक्टर रागावले नाहीत, उलट कागदावर चित्र काढून समजावलं. ग्रंथींसकट २५ ठरले. पहिल्या भेटीत स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट यायचा होता म्हणून अंदाजे २० सांगितलं होतं. लिनॅक आहे, रोज सीटी घेऊनच देतात. हार्मोनचं इंजेक्शन आजच दिलं, शेक दोन महिन्यांनी. मुंबई रद्द. फाइल मात्र भाऊ एकटे घेऊन जातील म्हणतात.

बाबांनी एकच विचारलं, जेवायचं काय?

वऱ्हाडीबाणा
ठेचा बंद! बाकी मऊ भात, मुगाचं वरण, ताक, ज्वारीची भाकर. जुलाब लागले तं पेज.

सातपुडा
तर्रीसुद्धा बंद. आणि हार्मोनच्या इंजेक्शनने हाडं विरळ होतात, शुगर वाढू शकते. कॅल्शियम, ड-जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं सुरू ठेवा. बाबा शेतात जात असतील तर जाऊ द्या, अगदी शेकेच्या दिवसांतही, थकवा येईपर्यंत.

मोहफूल
सातपुडा ताई, आईचे रिपोर्ट घेऊन सोमवारी सावंगीला निघालो आहोत. आतली शेक कधी सुरू होणार हे पहिल्याच भेटीत विचारलं तर चालेल ना?

सातपुडा
नक्की विचारा, आणि तारीख फाइलवर लिहून घ्या.